दुसरी अयोध्या: बँकॉकमध्ये काय पाहावं?

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांचे जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला आहे. ‘सर, आम्ही बँकॉकला चाललोय. तीन दिवस हातात आहेत. बघायलाच हवं असं काय आहे?’ तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला हा प्रश्न का, असं क्षणभर वाटलं. पण बौद्ध विचारावर बोलताना आम्ही दोन-तीनदा थायलंडचे दाखले दिले होते, त्याचा हा परिणाम असावा. असो. प्रश्न चांगला आहे. आज त्याचंच उत्तर देऊ.

यादी तर तुमच्याजवळ आहेच. आपल्याकडच्या कुठल्याही टूरवाल्याचं पत्रक उघडा: ग्रँड पॅलेस, पाचूचा बुद्ध, वात फोमधला पहुडलेला बुद्ध, नदीपलीकडचं वात अरुण, चायनाटाऊन, सोन्याचा बुद्ध, एरावनचा ब्रह्मदेव, आणि मग खरेदी. (‘वात’ म्हणजे देवळाचं किंवा विहाराचं आवार. आपला ‘वाडा’ ज्या ‘वाट’ या संस्कृत शब्दावरून आला, त्याच कुळातला हा शब्द मानतात.) या यादीत चूक काही नाही. या जागा पाहाच. आम्हाला एवढंच सांगायचं आहे, की या यादीचा पाया पर्यटन खात्याने घातलेला नाही. तो घातला गेला १७८२ साली, आणि घालणाऱ्यांच्या डोक्यात पर्यटक नव्हता. डोळ्यांदेखत जळून गेलेलं एक शहर त्यांना परत उभं करायचं होतं. हे एकदा समजलं, की त्याच जागा वेगळ्या दिसायला लागतात. आणि यादीत काय नाही, तेही दिसायला लागतं.

तर आधी ते जळालेलं शहर. अयुथ्थया. आपल्या ‘अयोध्या’चंच हे रूप. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ७५-८० किलोमीटरवर, नद्यांनी चहूकडून वेढलेलं बेट, त्यावर सयामची राजधानी. १३५१ मध्ये स्थापना, म्हणजे चारशेहून अधिक वर्षं ती राजधानी होती. चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच, इराणी, सगळे व्यापारी तिथे नांदत होते. ७ एप्रिल १७६७ ला ब्रह्मी सैन्याने ते शहर घेतलं, लुटलं आणि जाळलं. आपल्या माणसाला हा काळ चटकन कळतो: पानिपत होऊन सहा वर्षं झाली होती. पण पानिपतावर आपली फौज गेली, पुणं राहिलं. त्यांचं पुणंच गेलं. राजवाडा, ग्रंथसंग्रह, राजवंश, सगळं. हजारो माणसं कैदी म्हणून ब्रह्मदेशात नेली गेली. ज्या पोथ्यांत विधी लिहिलेले होते त्या जळाल्या, आणि विधी जाणणारे पुरोहितही पांगले.

त्या पडझडीतून ताक्सिन नावाचा सरदार उभा राहिला. बाप चिनी, आई सयामी. त्याने काही महिन्यांतच ब्रह्मी शिबंदी हाकलली आणि चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला राजधानी केली. पंधरा वर्षं राज्य केलं. १७८२ मध्ये बंड झालं, राजाला वेड लागलं असं दरबारी वृत्तांत सांगतात, आणि त्याला ठार मारून त्याचाच सेनापती चक्री गादीवर बसला. हाच आजच्या राजघराण्याचा पहिला पुरुष, पहिला राम. वृत्तांत कोणी लिहवले याचा विचार करून राजाचं वेड किती मानायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पहिल्या रामाने राजधानी नदीच्या पूर्व काठावर नेली आणि २१ एप्रिल १७८२ ला नगरस्तंभ रोवला. महिनाही उलटायच्या आत, १७ मे रोजी, इकडे महादजी शिंदे सालबाईचा तह करत होते. एकाच वसंतात दोन राज्यं आपापलं मोडलेलं पुन्हा सांधत होती असं म्हणायला हरकत नाही.

आता या नव्या शहराचं नाव ऐका. बँकॉक हे परक्यांच्या तोंडातलं नाव. ‘बांग’ म्हणजे पाण्याकाठचं गाव आणि ‘माकोक’ म्हणजे आपल्या अंबाड्याच्या जातीचं आंबट फळ. एका प्रचलित व्युत्पत्तीप्रमाणे अंबाड्याचं गाव. थाई माणूस म्हणतो क्रुंग थेप, देवांची नगरी. आणि पूर्ण नाव, श्वास घेऊन म्हणायचं, असं: क्रुंगथेप महानखोन अमोन रत्तनकोसिन महिन्थर अयुथ्थया महादिलोक फोप नोप्फरत राचथानी बुरीरोम उदोम राचनिवेत महासथान अमोन फिमान अवतान सथित सक्कथत्तिय विसनुकम प्रसित. जगातलं सर्वांत लांब स्थळनाव म्हणून याची नोंद आहे. पण आपल्याला विक्रमाशी काय करायचंय? थाई उच्चाराची साल काढा, आतून आपल्या ओळखीची संस्कृत-पाली निघते: महानगर, अमर, रत्नकोश, महेंद्र, तिलक, नवरत्न, राजधानी, पुरी रम्य, उत्तम राजनिवेशन, महास्थान, अमर विमान, अवतार, स्थित, शक्रदत्त, विष्णुकर्म म्हणजे विश्वकर्मा, प्रसिद्ध. इंद्राने दिलेली, विश्वकर्म्याने उभारलेली नगरी. आणि या सगळ्याच्या मध्ये ‘अयुथ्थया’. गेलेल्या शहराचं नाव नव्याच्या नावात ओवून ठेवलेलं. मुलगा गेला की पुढच्या मुलाला त्याचंच नाव ठेवायची पद्धत आपल्याकडेही काही घरांत होती, तसं.

नुसतं नावच नाही. नदीच्या बाकात जागा निवडली, पूर्वेकडून कालवा खणून तिचं बेट केलं, कारण अयुथ्थया बेट होतं. राजवाड्याच्या आवारात भिक्षू न राहणारं राजमंदिर बांधलं, कारण तिथे तसं होतं. कालव्याला तिथल्याच कालव्याचं नाव. पुढे टेकडीवरचा सोनेरी स्तूप उभारला, त्याचंही मूळ तिथलं. एवढंच काय, अयुथ्थयाच्या पडक्या तटांच्या विटा नावांत भरून नदीने खाली आणल्या आणि नव्या तटांत घातल्या. उत्तरेकडच्या उजाड झालेल्या विहारांतून हजारहून अधिक बुद्धमूर्ती गोळा केल्या. वात फोच्या ओवऱ्यांत रांगेने बसलेल्या सोनेरी मूर्तींसमोर सगळे फोटो काढतात ना, त्या या. एका अर्थी ते निर्वासित आहेत.

आणि विश्वकर्मा? विश्वकर्मा होते कंबोडियातून आणलेले ख्मेर आणि वियन्तियानहून आणलेले लाओ लोक. कालवे खणायला दहा हजार ख्मेर आणि तटांच्या कामाला पाच हजार लाओ लावले, असे आकडे दरबारी वृत्तांतातच आहेत, बऱ्यापैकी अभिमानाने दिलेले. राजवाडा जिथे आहे तिथे तेव्हा चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला दक्षिणेला सांपेंगला हलवलं. तेच आजचं चायनाटाऊन. म्हणजे पत्रकात ‘सकाळी ग्रँड पॅलेस, संध्याकाळी चायनाटाऊन’ असं जे लिहिलेलं असतं, ती एकाच हुकुमाची दोन टोकं आहेत. आम्हाला ही गोष्ट कळली तेव्हा यावराट रस्त्यावरच्या रात्रीच्या खाण्याची चव बदलली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. खाणं उत्तमच आहे. पण आपण कुणाच्या दुसऱ्या घरी जेवतोय हे कळलं.

आता राजमंदिरात जाऊ. वात फ्रा केव. उंच चौथऱ्यावर, इतका उंच की मान मोडून पाहावं लागतं, एक ६६ सेंटिमीटरची हिरवी मूर्ती. म्हणायला पाचू, प्रत्यक्षात दुसराच हिरवा दगड. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन पोशाख, आणि ऋतू बदलला की राजा स्वतः ते बदलतो. आपल्या विठोबाच्या पोशाखांची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

या मूर्तीची कथा अशी, की ती पाटलीपुत्रात नागसेन स्थविराने घडवून घेतली, आणि तिच्या कामी इंद्र आणि विश्वकर्मा आले. नागसेन म्हणजे मिलिंद राजाला उत्तरं देणारा. त्याच्याकडे आपण परत येऊ. ही झाली आख्यायिका. पुढचा मागोवा बखरी देतात: पंधराव्या शतकात, १४३४ मध्ये, चिआंग राईच्या एका स्तूपावर वीज पडली, आत गिलाव्याने मढवलेली मूर्ती मिळाली, नाकाचा गिलावा उडाला आणि खालचा हिरवा दगड दिसला. मग लांपांग, मग चिआंग माई. सोळाव्या शतकात लाओ राजाने ती लुआंग प्राबांगला नेली, तिथून १५६४ मध्ये वियन्तियानला. वियन्तियानला ती दोनशेहून अधिक वर्षं होती, बँकॉकला अजून अडीचशेही झालेली नाहीत. १७७९ मध्ये सेनापती चक्रीने वियन्तियान जिंकलं आणि मूर्ती उचलून थोनबुरीला आणली. राजा झाल्यावर, १७८४ मध्ये, तिला नदी ओलांडून नव्या मंदिरात बसवलं. नव्या शहराच्या नावातल्या ‘रत्नकोशा’तलं रत्न ते हेच.

इथे जरा थांबावंसं वाटतं. त्याच स्वारीत दुसरी एक मूर्ती आणली होती, फ्रा बांग, लाओ लोकांची फार श्रद्धेची. ती पहिल्या रामाने परत पाठवली. १८२७ मध्ये वियन्तियानच्या अनुवोंग राजाने सयामविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढताना सयामी फौजेने वियन्तियान उद्ध्वस्त केलं, साठ वर्षांपूर्वी अयुथ्थयाचं झालं होतं तसंच. अनुवोंगला पकडून बँकॉकमध्ये लोखंडी पिंजऱ्यात लोकांपुढे ठेवलं. तो तिथेच मेला. फ्रा बांग पुन्हा बँकॉकला आली आणि १८६७ मध्ये चौथ्या रामाच्या काळात पुन्हा परत गेली. पाचूचा बुद्ध मात्र गेला नाही. वियन्तियानमध्ये त्याचं मंदिर आहे, हो फ्रा केव, फ्रेंचांनी पुन्हा बांधलेलं. तिथे आता संग्रहालय आहे. लाओसला गेलात तर जरूर पाहा: घर आहे, घरधनी नाही.

चोरी म्हणायची का? आमच्या विद्यार्थ्यांनी वर्गात हा प्रश्न विचारला असता तर आम्ही उलट विचारलं असतं, मूर्ती कोणाची असते? चिआंग राईची? तिला नेणाऱ्या लाओ राजाची? त्या काळच्या राजांची समजूत अशी, की मूर्ती स्वतःच्या इच्छेने जाते. जिथे पुण्य वाढलं तिथे ती निघते. जिंकणाऱ्याच्या फार सोयीची समजूत आहे ती. पण ती सगळ्यांचीच होती, हरणाऱ्याचीही. कोहिनूरसारखा प्रश्न आहे असं वाटतं, आणि तसा तो नाहीही. कोहिनूरची पूजा कोणी करत नव्हतं. बँकॉकमध्ये आज सकाळी जी बाई गुडघ्यावर बसून कमळाच्या कळीने डोक्यावर पाणी शिंपडून घेत होती, तिची श्रद्धा लुटीतून आलेली नाही. आणि वियन्तियानचं रिकामं घरही खोटं नाही. आमचं मत विचाराल, तर दोन्ही एकदम मनात धरून त्या मंदिरात उभं राहावं. जमायला कठीण आहे.

मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामायण आहे. रामकियेन. पहिल्या रामाने १७९७ मध्ये दरबारात ते नव्याने रचून घेतलं, कारण अयुथ्थयाच्या प्रती बहुतेक गेल्या होत्या. १७८ चित्रपट भिंतींवर सलग चालत जातात. इथला मारुती ब्रह्मचारी नाही, हे आपल्याकडच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेलं बरं. सुवर्णमत्स्या नावाच्या मत्स्यकन्येशी त्याचं जमतं, आणि ती एकटीच नाही. गटात कोणी फार भाविक असेल तर तिथून पावलं जरा भरभर उचलावीत.

पण ही चित्रं पहिल्या रामाच्या काळातली आहेत का? नाहीत. म्हणजे, आहेत आणि नाहीत. तिसऱ्या रामाने पुन्हा रंगवून घेतली. १८८२ मध्ये शहराची शताब्दी म्हणून पुन्हा. १९३२ मध्ये दीडशे वर्षं म्हणून पुन्हा. १९८२ मध्ये दोनशे म्हणून पुन्हा. दमट हवा आहे, नदी शेजारी, रंग टिकत नाहीत. इथे युरोपातून शिकून आलेला माणूस नाक मुरडतो: मग अस्सल काय राहिलं?

याचंच उत्तर आमच्या मते नागसेनाजवळ आहे. मिलिंद राजा, म्हणजे यवन राजा मिनँडर, रथात बसून आला होता. नागसेन त्याला विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळं बाजूला काढलं तर रथ उरतो? तेही नाही. मग आलास कशात? ‘रथ’ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे, एवढंच. बौद्ध माणसाला वस्तूचं टिकणं फारसं महत्त्वाचं नाही, जुळणी पुन्हा पुन्हा करणं महत्त्वाचं. मोडलेलं देऊळ दुरुस्त करण्यात पुण्य आहे. आपल्याकडे यासाठी ‘जीर्णोद्धार’ हा नेमका शब्द आहे. ‘जतन’ वेगळं, ‘जीर्णोद्धार’ वेगळा. जतन करणारा वस्तूला हात लावू देत नाही, जीर्णोद्धार करणारा हात लावल्याशिवाय राहत नाही. बँकॉकची बहुतेक यादी जीर्णोद्धाराची आहे. हा फरक डोक्यात ठेवलात तर ‘हे तर नवीनच दिसतंय’ ही तक्रार कराविशी वाटणार नाही.

राजवाड्याच्या आवारात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याजवळून लोक फोटो काढत निघून जातात. एक, अंगकोर वातची दगडी प्रतिकृती. चौथ्या रामाला कंबोडिया आपल्या छत्राखाली आहे हे दाखवायचं होतं. तिथलं एखादं देऊळच सुटं करून आणण्याचा घाट घातला गेला, तो फसला, मग प्रतिकृतीवर भागवलं. कंबोडिया १८६३ मध्ये फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. प्रतिकृती राहिली. दोन, चक्री महाप्रासाद. खाली पक्का युरोपीय धाटणीचा महाल, इंग्रज वास्तुकाराने रेखलेला, आणि वर थाई शिखरं. घुमटच बसवायचे होते, दरबारात विरोध झाला आणि शिखरं आली. बँकॉककर याला थाई टोपी घातलेला गोरा म्हणतात. १८८२ मधली इमारत आहे. शेजारी ब्रह्मदेश इंग्रजांच्या घशात चाललेला, पलीकडे फ्रेंच. तेव्हा सयामच्या राजाने साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलं, की आम्ही सुधारलेले आहोत, आम्हाला सुधारायला येऊ नका. मुत्सद्देगिरीचा कागद असतो तशी ही दगडविटांची मुत्सद्देगिरी.

वात फो. एकच जागा पाहायला वेळ असेल तर कुठली, असं कोणी विचारलं तर आम्ही हिचं नाव सांगू. ४६ मीटर लांब पहुडलेल्या बुद्धासाठी लोक येतात. तळव्यांवर शिंपल्याच्या नक्षीत १०८ मंगलचिन्हं आहेत, ती सुंदरच आहेत. पण आमच्यासारख्या मास्तराला ओढ आहे ती भिंतींची. तिसऱ्या रामाने १८३१ ते १८४१ या काळात या देवळाच्या भिंतींवर, खांबांवर, ओवऱ्यांत शिलालेख बसवले. त्यांतले १,४४० युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत आहेत. काय आहे त्यांवर? धर्म, जातककथा, छंदशास्त्र, गावांच्या याद्या, परदेशी लोकांची वर्णनं, औषधांचे पाठ. आणि साठ फरशांवर माणसाची आकृती, तिच्या अंगावर रेषा आणि बिंदू: कुठे दाबलं की काय बरं होतं. आवारात ऋषींच्या लहान मूर्ती आहेत, अंग ताणून वेड्यावाकड्या बसलेल्या. आपली आसनंच ती, थोडी गमतीची. तिसऱ्या रामाने अशा ऐंशी करवल्या होत्या, आता थोड्या उरल्या आहेत.

हे का केलं असेल? वैद्यकी तेव्हा घराण्यांत होती. बाप मुलाला सांगे, बाहेर कोणाला नाही. पोथी असली तर ताडपत्राची, आणि ताडपत्रांचं काय होतं ते अयुथ्थयाने दाखवलं होतं. एकदा सगळं ज्ञान जळालेलं पाहिलेल्या समाजाच्या नातवंडांनी ते दगडावर लिहून देवळात उघड्यावर ठेवलं. ज्याला वाचता येतं त्याने यावं, वाचावं, घ्यावं. आम्ही आयुष्यभर विद्यापीठात काढलं, पण विद्यापीठाची याहून चांगली कल्पना फारशी पाहिली नाही. आज ‘थाई मसाज’ म्हटलं की आपल्याकडे लोक गालात हसतात. त्याचं घराणं हे आहे. बुद्धाचा वैद्य जीवक याला तिथले मालिश करणारे आजही गुरू मानून काम सुरू करताना नमस्कार करतात. जीवक आपल्या राजगृहाचा. आवारातच शाळा आहे, तिथे तासभर पाठ टेकवा. आमची तर शिफारस आहे.

पलीकडच्या काठावरचं वात अरुण होडीने जाऊन पाहा. सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावाचं. पूर्वी याला वात माकोक म्हणत, तोच अंबाडा. मधलं शिखर दुसऱ्या-तिसऱ्या रामाने वाढवलं आणि चिनी भांड्यांच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलं. फार बोलायची गरज नाही, संध्याकाळी पाहिलं की कळतं.

सोन्याच्या बुद्धाची गोष्ट छोटी आणि गोड आहे. साडेपाच टनांची मूर्ती, पण कोणाला ठाऊकच नव्हतं, कारण वर जाड गिलावा. कधीतरी लुटीच्या भीतीने चढवला असणार. १९५५ मध्ये हलवताना मूर्ती पडली, गिलावा फुटला. पाचूच्या बुद्धाचीही हीच गोष्ट, नाही का? या प्रदेशाने मौल्यवान वस्तू लपवायला एवढं कौशल्य का मिळवलं असेल, याचं उत्तर आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल.

आता यादीत सहसा नसलेल्या जागा. राजवाड्याच्या उत्तरेला सनाम लुआंग हे मोठं मैदान, त्याच्या कडेला थम्मसात विद्यापीठ. नाव ओळखलंत? धर्मशास्त्र. १९३२ मध्ये सयाममध्ये राजाची निरंकुश सत्ता संपली. ती संपवणाऱ्यांपैकी प्रीदी पानोम्योंग यांनी १९३४ मध्ये हे विद्यापीठ काढलं. ६ ऑक्टोबर १९७६ ला याच आवारात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, झाडांना टांगून प्रेतांना मारलं गेलं. सरकारी आकडा ४६. खरा जास्त असावा असं बरेच जण मानतात. पाचूच्या बुद्धापासून चालत पंधरा मिनिटं. आवारात स्मारक आहे.

तिथून पुढे राजदाम्नोन रस्त्यावर लोकशाही स्मारक. १९४० चं. त्यावरची उठावचित्रं फ्लॉरेन्सहून आलेल्या एका इटालियन शिल्पकाराची. त्याने पुढे थाई नाव घेतलं, त्यात ‘शिल्प’ हा शब्द आहे. बसमधून दिसतं, गाइड नाव सांगतो आणि बस पुढे जाते. १९३२ च्या क्रांतीची आठवण म्हणून एक पितळी चकतीही होती, राजचौकाच्या डांबरात बसवलेली, साधी, पायाखाली येणारी. एप्रिल २०१७ मध्ये ती एका रात्रीत नाहीशी झाली. तिच्या जागी राजनिष्ठेचा मजकूर असलेली नवी चकती आली. कोणी नेली ते सरकारने सांगितलं नाही. इथे नागसेनाचा रथ चालत नाही बघा. इथे जुळणी पुन्हा केलेली नाही, एक भाग काढून दुसराच बसवला आहे. जाता जाता एक सावधगिरी: तिथे राजघराण्याची निंदा केल्याबद्दल लांब शिक्षा देणारा कायदा आहे. हे सगळं हॉटेलच्या लिफ्टमध्ये मोठ्याने चर्चेला घेऊ नये.

आणि शेवटची जागा. पहिल्या रामाच्या तटाला चौदा बुरूज होते, दोन उरले. एक फ्रा सुमेन, म्हणजे सुमेरू. दुसरा महाकान, म्हणजे महाकाल. महाकानच्या मागे, तट आणि कालवा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, एक वस्ती होती. लाकडी घरं, काही फार जुनी, सुमारे तीनशे माणसं. नगरपालिकेला तिथे बाग करायची होती, ऐतिहासिक तट नीट दिसावा म्हणून. १९९२ पासून पंचवीस वर्षं ती माणसं भांडली. आम्हीच इथली देखभाल करतो, घरं दाखवतो, आम्हीही इतिहासच आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. मायकेल हर्झफेल्ड या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. एप्रिल २०१८ मध्ये शेवटचं घर पाडलं. दगडी तटाचा जीर्णोद्धार झाला, माणसांचा नाही. १७८२ मध्ये चिनी वस्ती उठवणारा निदान तिला दुसरी जागा देऊन व्यापार करू देत होता, हे आमच्या मनातून जात नाही.

आता तीन दिवसांचं सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला ग्रँड पॅलेसच्या दाराशी. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. वाटेत एखादा सभ्य गृहस्थ ‘आज पॅलेस बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर हसून पुढे चालायचं, तो कधीच बंद नसतो असं समजा. दुपारी वात फो, संध्याकाळी होडीने वात अरुण. दुसऱ्या दिवशी थम्मसात, स्मारक, रात्री सांपेंग. एरावनचा ब्रह्मदेव तिसऱ्या दिवसाच्या खरेदीत येतोच. तो १९५६ चा आहे, म्हणजे आमच्याहून थोडाच लहान. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, सोनेरी स्तूपाची टेकडी चढा. वरून जुनं बेट सगळं दिसतं. उतरल्यावर फान फा पुलाशी पांढरा अष्टकोनी बुरूज लागेल, तोच महाकान. मागे हिरवळ आहे, आत जायला तिकीट नाही. कडेची मोठी झाडं घरांच्या काळातली आहेत.

मिलिंदप्रश्नाविषयी ज्यांनी लिहून विचारलं आहे, त्यांना पुढच्या वेळी उत्तर देऊ.